डावीकडचा धिरा

सकाळी गॅरेजचं शटर उचलायच्या आधी आप्पा त्याला बाहेरून तळहात लावून बघत. शटर तापलेलं असेल तर ठोकाठोकीचं काम आधी उरकायचं, गार असेल तर नजरेचं काम आधी काढायचं, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. त्या दिवशी ते गार होतं.

"आज उजवं दार जुळवू," ते म्हणाले.

लेकीने शटर उचललं. आत चार लोखंडी घोड्यांवर जुन्या पिकअपची केबिन बसवलेली होती. चाकं नाहीत, काचा नाहीत, दारं भिंतीला टेकवलेली. चासी पलीकडे वेगळी पडली होती आणि तिच्यावर एका नव्या गाडीतून काढून आणलेलं इंजिन पोत्याखाली झाकून ठेवलं होतं.

गाडी बागवाल्याची. त्याच्या वडिलांनी तिच्यातून लिंबं वाहिली, खत वाहिलं, आणि बायको अडली तेव्हा तिला दवाखान्यात नेता नेता खुद्द बागवाला हौद्यातल्या रिकाम्या पोत्यांवर जन्माला आला, असं तोच सगळ्यांना हसत सांगे. वडील गेल्यावर गाडी गोठ्यामागे पंधरा वर्षं उभी होती. कोंबड्या सीटवर अंडी घालत होत्या आणि गंज तिला खालून खात होता. आता बागवाल्याच्या मनात आलं होतं, आई हिंडतीफिरती आहे तोवर तिला त्या गाडीत बसवून बागेभोवती एक फेरी मारायची. मात्र तोंड जुनंच पाहिजे आणि चाल नव्या गाडीची पाहिजे. नवं इंजिन, नवे ब्रेक, एका बोटाने फिरेल असं स्टिअरिंग.

"म्हणजे म्हातारा तोच, गुडघे तेवढे बदलायचे," रंगारी म्हणाला होता. तो आप्पांचा जुना जोडीदार. मिस्त्रींनी ठोकायचं आणि याने रंगवायचं, हे तीस वर्षं चाललेलं.

नवा रस्ता गावाबाहेरून गेल्यापासून गॅरेजसमोरून गाड्या जाणंच थांबलं होतं. कुणाच्या ट्रॉलीचा फाळका निखळला, कुणाच्या नांगराचा सांधा सुटला, एवढंच काम दारात येई. वर्षभरात मोठं काम आलं ते हे एकच. बागवाल्याने ते देताना एक अट घातली होती. "पत्र्याचं काम तुम्ही स्वतःच्या हातांनी करायचं, आप्पा. ताईंवर सोडू नका. ताई, राग मानू नका हं." आप्पा म्हणाले, "बरं." तिनेही राग मानला नाही, निदान तसं दाखवलं तरी नाही. पण आप्पांचे डोळे दोन वर्षांपासून दगा देत होते. हात शाबूत होता, वेल्डची रेषा दिसत नव्हती. दुसऱ्याच आठवड्यापासून वेल्डची शिवण लेकीच्या हातात आली. त्याविषयी घरात कुणी काही बोललं नाही. अकरा वर्षांपूर्वी शाळेतली नोकरी सोडून ती आप्पांच्या हाताखाली उभी राहिली होती, तेव्हाही कुणी काही बोललं नव्हतं.

दिवस मात्र मोजकेच होते. महिनाभरात वारा सुरू झाला असता. या भागात एकदा वारा लागला की दोन महिने धूळ खाली बसत नाही, आणि ओल्या रंगावर धूळ म्हणजे, रंगाऱ्याच्या शब्दांत, नव्या नवरीला खरूज.

उजवं दार तासाभरात बसलं. आप्पा डोळे मिटून दाराच्या फटीवरून करंगळी फिरवत गेले. वर, मागे, खाली, पुढे. करंगळी कुठेही अडली नाही. मग त्यांनी टोपी घातली.

"बिजागरीच्या खिळी झाल्या का ते लेथवाल्याकडे बघून येतो. तोवर डावा उंबरा पुरा शिव. एका दमात नको. चार बोटं इथं, चार बोटं तिथं."

"माहीत आहे, आप्पा."

"माहीत असलेलंच सांगतो मी. माहीत नसलेलं मला तरी कुठे माहीत आहे?"

दाराखाली पत्र्याची जी पोकळ पेटी असते तिला आप्पा उंबरा म्हणत. सडलेला उंबरा कापून नवा घालायचा तर आधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळी तिरपी वेल्ड करायची, नाहीतर केबिन ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी मिटते. ती नळी म्हणजे धिरा. उंबरा पुरता शिवून, गार होऊन, केबिन चासीवर कसली गेल्याशिवाय धिऱ्याला हात लावायचा नाही, हा या गॅरेजचा कायदा. आप्पा घरात देवाला एखादे वेळी विसरले असते, धिऱ्याला नाही.

डावीकडे उंबऱ्याला बाहेरून वेल्डचे नुसते टाके होते. तिने अर्धी शिवण घातली. मग आतून, पाठीवर झोपून, फरशीचा पत्रा उंबऱ्याला जोडायचा होता. धिरा बरोबर खांद्याच्या वाटेत येत होता. आत शिरताना लागला, बाहेर येताना लागला. तिसऱ्यांदा आत गेली तेव्हा वेल्डचा एक निखारा कॉलरमधून पाठीत गेला आणि दचकून उठताना कपाळ धिऱ्यावर आपटलं. ती बाहेर आली, पाणी प्यायली, नळीकडे बघत उभी राहिली. टाके आहेत. अर्धी शिवण झाली आहे. एवढं काय होतंय?

ग्राइंडरचे दोन काप, मिनिटभराचं काम. नळी खाली पडली तेव्हा घंटेसारखी वाजली.

आता आत ऐसपैस जागा झाली. हात मोकळा चालायला लागला आणि वेल्ड अशी काही वाहू लागली की तिला थांबववेना. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात, एकसारखे खवले, माशाच्या पाठीसारखे. काम चांगलं चाललं की माणूस सांगितलेलं विसरतो. तापलेला पत्रा गार होताना आखडतो आणि जे हाताला लागेल ते ओढून घेतो, हे तिला आप्पांइतकंच ठाऊक होतं.

आप्पा खिळी घेऊन आले तेव्हा ती शिवणीवरून ब्रश फिरवत होती. त्यांनी आधी जमिनीवरची नळी पाहिली. मग दाराची चौकट. त्यांनी डावं दार उचललं, तिने दुसरी बाजू धरली, दोघांनी ते चौकटीत नेलं. वरच्या मागच्या कोपऱ्यात दार खांबाला टेकलं आणि तिथंच राहिलं.

"दोन सूत," आप्पा म्हणाले. म्हणजे पाव इंच.

"अडीच," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. "हो. अडीच." मग नळी उचलून भिंतीला उभी केली. "चहा ठेव."

"आप्पा, मी..."

बाहेर गाडी थांबली. बागवाला आणि त्याचा मेहुणा आत आले. मेहुणा म्हणजे हसऱ्या तोंडाचा माणूस, गावात काय चाललंय हे गावाच्या आधी कळणारा. तिने कपाळावर चढवलेलं वेल्डिंगचं झाकण खाली ओढलं. घामाने डोळे चुरचुरत होते म्हणून, असं तिने नंतर स्वतःला सांगितलं.

बागवाल्याने मेहुण्याला दाखवायला म्हणून उजवं दार उघडून मिटलं. "बघ, कसं बसलंय." मग डावीकडे आला. दार ढकललं. टक्. पुन्हा ढकललं. टक्.

"आप्पा, हे काय?"

"धिरा लवकर निघाला," आप्पा म्हणाले. "माझ्या हातून."

"तुमच्या हातून?"

"मग कुणाच्या? पत्र्याचं काम मीच करायचं असं ठरलंय ना आपलं?"

मेहुणा हसला. "दाजी, म्हातारी गाडी, म्हातारा मिस्त्री. जोडा शोभतो."

आप्पाही हसले. ते चिंधीने हात पुसत होते, एकेक बोट वेगळं धरून, जणू दुसऱ्या कुणाचा हात पुसताहेत. बागवाला तसा भला माणूस. त्याने आवाज खाली आणला, आणि खाली आणलेला आवाज जास्तच लागला. "वय होतंच, आप्पा. त्यात लाज कसली? शहरात एक जण आहे, म्हणत असाल तर तो..."

"आठ दिवस द्या."

"तसं नाही, पण..."

"आठ दिवस."

झाकणाच्या काळ्या काचेतून तिला सगळे हिरवट आणि लांब दिसत होते. तोंड उघडायला एवढासा वेळ होता. तो गेला. गाडी निघून गेली, चहा झाला, आप्पांनी बशीत ओतून प्यायला, आणि दुपारभर दोघं नव्या ब्रेकच्या नळ्या वाकवत बसली.

संध्याकाळी ते नीट जेवले. भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि आईला म्हणाले, "आज मीठ बरोबर पडलंय. तब्येत बरी आहे ना तुझी?" आई म्हणाली, "खा मुकाट्याने." लेक ताटात बोटं फिरवत होती.

"उद्या धिरा परत लावू," आप्पा तिला म्हणाले. "जॅकने चौकट उघडू. थोडा हट्ट करेल, पण येईल."

"आप्पा, मला सांगायचंय..."

"उद्या," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा ते कुशीवर होते, हात गालाखाली घेतलेला. आईने पेला स्टुलावर ठेवला आणि खिडकी उघडली. मग परत येऊन हाक मारली. मग खांद्याला हात लावला. लेक आत धावली तेव्हा पेल्यातून अजून वाफ निघत होती.

पुढचे दिवस माणसांनी भरून गेले. आप्पांना पोचवून आल्यापासून दारात चपलांचा ढीग कमी होत नव्हता. ट्रॅक्टरवाले आले, विहिरीवरचे पंपवाले आले, लेथवाला आला आणि बिजागरीच्या खिळी दोन दिवस उशिरा दिल्याबद्दल रडला. प्रत्येकाकडे आप्पांची एक गोष्ट होती. भर पावसात ट्रॉलीखाली झोपून सांधा केला. हाताने वाकवलेला पत्रा कारखान्यातल्या पत्र्याशेजारी ठेवला तर ओळखू आला नाही. आणि गोष्ट संपता संपता, पेला खाली ठेवताना, कुणीतरी म्हणायचंच.

"शेवटच्या दिवशी मात्र हात चुकला म्हणे."

"जिव्हारी लागलं असणार. सगळ्यांसमोर मान खाली गेली ना."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तेच खाल्लं त्यांनी मनात."

ती रिकामे पेले गोळा करत असे. पेल्यांत पेले बसवून आत नेत असे, धूत असे आणि परत बाहेर नेत असे. एकदा दारात थांबून तिने तोंड उघडलं. समोरचा पंपवाला मान वर करून म्हणाला, "काही म्हणालीस का, पोरी?" ती म्हणाली, "अजून चहा घेणार का?"

बागवाला नवव्या दिवशी आला. ओसरीवर टेकला, आईशी दोन शब्द बोलला. मग शेजारी बसलेल्या रंगाऱ्याकडे वळून म्हणाला, "विषय काढू नये, पण गाडीचं काय करू या? शहरातला तो माणूस ट्रक घेऊन येतो म्हणतोय. केबिनच नवी बघू म्हणतो, ही बाद आहे."

रंगाऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"बाद नाही," ती म्हणाली. "अडीच सुतांचं काम आहे. मी करते."

"तुम्ही?" बागवाला अजूनही रंगाऱ्याकडेच बघत होता.

"उजवी बाजू कुणी शिवली असं वाटलं तुम्हाला?" रंगारी म्हणाला. "मिस्त्रींना सुईत दोरा ओवता येत नव्हता दोन वर्षं. अट तुमची होती, म्हणून तोंडं बंद होती सगळ्यांची."

बागवाल्याने ते ऐकून घेतलं. रागावेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा हळूहळू मऊ झाला. "म्हणजे चांगलं ते सगळं ताईंनी केलं, आणि आप्पांनी हात घातला तिथं बिघडलं. असं झालं तर ते." तो उठून तिच्यासमोर आला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलला. "बापाची चूक लेक निस्तरणार असेल तर मी कोण आडवा येणारा? करा तुम्ही. वाऱ्याच्या आधी द्या म्हणजे झालं."

हे बोलायचं ठिकाण होतं. इथं बोलली असती तर गाडी त्याच संध्याकाळी शहरात गेली असती, आणि गॅरेजच्या शटरला मग कुणी हात लावायची गरजच उरली नसती. तिने मान हलवली. हो म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून तिने काम सुरू केलं. सोळा दिवस हातात होते. आधी ती फरशीची शिवण कापायची होती. अकरा वर्षांत तिच्या हातून इतकी देखणी शिवण उतरली नव्हती. ग्राइंडर लावला तेव्हा खवल्यांमागून खवले ठिणग्या होऊन भिंतीवर उडाले. दोन चाकं झिजली. कापून झाल्यावर पत्रा "टण्" करून आपणहून सूतभर सरकला, आवळलेली मूठ सोडावी तसा. उरलेलं दीड सूत हट्टाचं होतं.

तिने चौकटीत तिरपा जॅक बसवला. रंगारी दांडा मारायला बसला.

"सांग."

"एक."

"एक."

"अजून एक. थांबा, काका. थांबा."

चौकट उघडली. मापाला बरोबर आली. जॅक सैल केला तशी परत जागेवर गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा परत. दोन दिवस हेच चाललं. पाठ एवढी धरली की तिला ताठ उभं राहता येईना, मनगटं सुजली, आणि रंगारी म्हणाला, "ही चौकट तुझ्या काकूच्या माहेरची दिसते. वाकते, पण ऐकत नाही."

ती हसली. आप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा हसली आणि लगेच तिला स्वतःचीच चोरी पकडल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी तिने मापापेक्षा पुढं दाबलं. एक सूत जास्त. रंगारी म्हणाला, "फाटेल गं." तसं दाबून ठेवून तिने छोटी हातोडी घेतली आणि खांबाच्या बुडाशी, जुन्या शिवणीच्या कडेकडेने ठोकायला लागली. जोराने नाही, दार वाजवावं इतपत. ठोकत एका टोकाला जायचं, परत यायचं. तासभर ठोकल्यावर आवाज बदलला. आधी तो वर लागत होता, आता खाली बसला. जॅक सोडला. चौकट सूतभर मागे आली आणि मापावर थांबली.

रंगाऱ्याने कपाळ पुसलं. "मिस्त्री असते तर..." म्हणाला आणि जॅकचा दांडा काढून ठेवला. थोड्या वेळाने, नवी नळी चौकटीत धरून उभा असताना, तो म्हणाला, "मला एक अजून पटत नाही बघ. मी एकदा धिऱ्यावर टॉवेल वाळत घातला होता, ओला टॉवेल, तर त्या माणसाने माझ्या सात पिढ्या काढल्या. तो माणूस धिरा कापेल? आणि तेही टाक्यांवर?"

"नळी जरा खाली घ्या, काका."

"घेतली. म्हणजे म्हातारपण वाईट, दुसरं काय."

"डोळे मिटा," ती म्हणाली, आणि वेल्ड पेटवली.

दुपारी आई डबा घेऊन येई. आप्पा होते तेव्हा ती गॅरेजमध्ये क्वचितच पाऊल टाकी. आता लेक जेवेपर्यंत उलट्या डब्यावर बसून राही. त्या दिवशी रंगारी घरी गेला होता. आई केबिनकडे बघत होती.

"हेच का ते दार?"

"हो."

"त्या संध्याकाळी त्यांनी भाजी दोनदा घेतली," आई म्हणाली.

लेकीचा घास हातात राहिला.

"माझं लग्न झाल्यापासून बघतेय. काम चुकलं की हा माणूस ताटावरून उठायचा. एकदा कुणाचं तरी बॉनेट तिरकं बसलं, तर दोन दिवस पाण्यावर होते. मी रडले तेव्हा जेवले. आणि एवढी मोठी चूक झाली म्हणतात, चारचौघांत बोलणी बसली म्हणतात, आणि मिठावरून माझी थट्टा करतात." आई हे सगळं केबिनला सांगत होती. "मला त्यातलं काही कळत नाही. मला आपलं जेवणाचं कळतं."

"आई..."

"जेव तू. गार होतंय."

ती जेवली. आईने डबा झाकला, पदराला हात पुसले आणि उन्हातून निघून गेली. लेकीने ग्राइंडर हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. आईने विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं तिला वाटलं. आईने विचारलं नाही, कारण तिला उत्तर ऐकायचं नव्हतं की लेकीला खोटं बोलायची वेळ आणायची नव्हती, हे तिला ठरवता येईना.

उंबरा तिने चार चार बोटं शिवला. इथं चार, तिथं चार, मध्ये पत्र्यावर हात टेकवता येईपर्यंत थांबायचं. असं तीन दिवस. केबिन चासीवर बसली, सहाही बोल्ट कसले, त्यानंतर दोन्ही धिरे काढले आणि डावं दार बसवलं. तिने डोळे मिटून करंगळी फिरवली. आप्पांइतकी तिची करंगळी शहाणी नव्हती. एका जागी तिला शंका आली, डोळे उघडून पाहिलं तर काही नव्हतं.

मग रंगाऱ्याचा अंमल सुरू झाला. लांबीने खड्डे भरा, घासा, पाणी मारा, पुन्हा घासा. सीटच्या खालच्या पट्टीमागे मूळ रंगाचा तळहाताएवढा तुकडा वाचला होता, कच्च्या लिंबासारखा हिरवा. त्याच्यावरून त्याने रंग जुळवला. पाच वेळा चुकला, पाचही वेळा रंग विकणाऱ्याला शिव्या दिल्या. शेवटचा हात मारून झाला त्या दिवशी त्याने गॅरेजच्या सगळ्या फटी ओल्या पोत्यांनी बुजवल्या आणि बाहेर खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसला, राखण करावी तसा. वारा दोन दिवसांनी सुटला. रंग तोवर कडक झाला होता.

गाडी न्यायला बागवाला सकाळी आला. बरोबर त्याची म्हातारी आई, मेहुणा आणि मेहुण्याचा ओळखीचा एक खडीवाला, ज्याच्याकडे अशीच एक जुनी पिकअप उभी होती. लेकीने गाडी शटरबाहेर काढून उन्हात उभी केली. रस्त्यावरून जाणारी दोनचार माणसं थांबली. लेथवालाही आला. आई घरातून येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

बागवाला गाडीभोवती फिरला. हौद्याच्या कडेवर हात ठेवून जरा थांबला. मग डाव्या दारापाशी आला, ते उघडलं आणि सोडून दिलं. दार आपल्या वजनाने गेलं आणि मिटलं. खोलीत कुणी पुस्तक मिटावं, एवढाच आवाज.

"ऐकलंत?" तो सगळ्यांकडे बघून म्हणाला. पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. "ऐका."

म्हातारीला त्याने हाताला धरून आत बसवलं. ती सीटवर हात फिरवत म्हणाली, "कोंबड्या कुठे गेल्या?" आणि सगळे हसले.

बागवाल्याने पलीकडून आत बसून इंजिन सुरू केलं. खडीवाला वाकून उंबऱ्याखाली बघत होता, बोटाने शिवण चाचपत होता. उठला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना माती लागली होती. "ताई, माझी आणू का? घाई नाही. वर्षभर घ्या. पण हात तुमचाच पाहिजे."

"आता दुसरा हात आहे कुणाचा?" मेहुणा म्हणाला. "बापाने बिघडवलं, लेकीने घडवलं. गावात हेच बोलतात. मी स्वतः सांगितलंय चार जणांना."

"तसं नको बोलूस," बागवाला खिडकीतून म्हणाला. "आप्पा मोठा कारागीर. शेवटी शेवटी जमत नव्हतं, एवढंच. माणूस थकतोच. एका चुकीवरून कुणाचं माप काढू नये." तो मनापासून बोलत होता. आजूबाजूच्या माना हलल्या. लेथवाल्याने डोळे पुसले. रंगारी खाली बसून चिंध्या गोळा करत होता, त्याने वर पाहिलं नाही.

खडीवाला उत्तराची वाट बघत होता. तिने नुसतं "आणा" म्हणायचं होतं. वर्षभराचं काम शटरमध्ये आलं असतं, म्हातारी बागेकडे गेली असती आणि माणसं पांगली असती. वाऱ्याने धुळीचा एक लोट उचलून गाडीवर आणला तशी ती पुढे होऊन खिडकीपाशी गेली. काच वर करा असं सांगायला आली, असं बागवाल्याला वाटलं.

"धिरा आप्पांनी काढला नव्हता," ती म्हणाली.

"काय?" इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्याने किल्ली फिरवली. एकदम सगळं शांत झालं, आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या आईपर्यंत शब्द सहज पोचेल इतकं शांत झालं.

"धिरा मी काढला होता. आप्पा खिळी आणायला गेले होते, ते इथं नव्हतेच. मला आत शिरताना तो खांद्याला लागत होता, म्हणून मी कापला. मग एका दमात वेल्ड केली. नको सांगितलं होतं तरी केली." ती मेहुण्याकडे वळली, मग खडीवाल्याकडे, मग थांबलेल्या त्या दोनचार माणसांकडे. "त्यांचा हात चुकला नव्हता. शेवटच्या दिवशीही नाही. माझा चुकला. त्यांनी तो स्वतःवर घेतला तेव्हा मी तिथंच उभी होते, आणि मी गप्प बसले."